गॅस भरण्याआधी गेज लावा

मार्चपासून आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच तक्रारीची आहेत, गाडीचा एसी गार करत नाही. म्हणून या महिन्यात ब्रेक, बॅटरी, टायर सगळं बाजूला ठेवलंय. त्या पत्रांची उत्तरं पुढच्या अंकात देते.

लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘एसी चालत नाही’ एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही. झोत जोरात येतो पण कोमट येतो, की मुळात झोतच कमी येतो? गाडी पळताना गार आणि थांबली की गरम, असं होतं का? बटण दाबल्यावर बोनेटमधून ‘टक्’ असा आवाज येतो का? गाडी समोरून कधी ठोकली होती का, आणि मागचा गॅस कधी भरला? एवढं लिहिलंत तर निम्मं निदान मला सांगलीत बसून करता येतं.

प्रश्न : ताई, माझी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरून घेते. दीड-दोन महिने छान गार होतं, पाऊस सुरू होईपर्यंत पुन्हा कोमट. गॅरेजवाले म्हणतात, गॅस दरवर्षी संपतो, भरावाच लागतो. हे खरं आहे का? (शिक्षिका, तासगाव)

मॅडम, हे खरं नाही. या एका वाक्यावर दर उन्हाळ्यात किती जणांचे पैसे जातात ते मी रोज बघते, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून तुमच्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तोच गॅस त्याच बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो तेव्हा तो तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देतो आणि द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटला की त्याचा दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळून वाफ होताना तो गाडीतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. तिथून परत कॉम्प्रेसरकडे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. उघड्यावर तो उणे २६ अंशांनाच उकळतो, म्हणून भर उन्हाळ्यातही तो कॉइल गार करू शकतो. या सगळ्या फेऱ्यात गॅस खर्च होण्यासारखी जागाच नाही.

रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपतो, हे मान्य. त्यामुळे सात-आठ वर्षांनी एखाद्या वेळी गॅस कमी पडला तर मी त्याला दोष म्हणणार नाही. पण दोन महिन्यांत गेला तर लिकेज आहे, आणि ते सापडेपर्यंत गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

लिकेज शोधायचं कुठे? आपल्या भागात मी सगळ्यात आधी कंडेन्सर बघते. खडीचे डंपर, उसाच्या ट्रॉल्या, अर्धवट डांबर असलेले रस्ते; पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेला खडा जाळीतून थेट कंडेन्सरवर बसतो. त्यानंतर नळ्यांचे जॉइंट. तिथे रबराच्या ओ-रिंग असतात. त्या वयानं कडक होतात, आणि कुणी पूर्वी जॉइंट उघडून जुनीच रिंग परत बसवली असेल तर हमखास गळतात. गॅस भरण्याच्या दोन तोंडांवर प्लॅस्टिकची टोपणं असतात. ती हरवली की आतल्या पिनेत धूळ जाते आणि पीन नीट बसत नाही. कॉम्प्रेसरच्या पुलीभोवती तेलकट काळी धूळ दिसली तर शाफ्ट सील. सगळ्यात त्रासाचं लिकेज कूलिंग कॉइलचं, कारण बहुतेक गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागतो. बाकी सगळं तपासून झाल्याशिवाय कुणालाही डॅशबोर्डला हात लावू देऊ नका.

यातली बरीचशी पाहणी तुम्ही स्वतः करू शकता. गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं. गॅस जिथून सुटतो तिथे ते तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. इंजिन बंद आणि गार असताना टॉर्च घेऊन ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे जॉइंट आणि कंडेन्सरच्या कडा बघा. ओलसर काळा डाग दिसला तर मोबाइलवर फोटो काढून मिस्त्रींना दाखवा. मोठं लिकेज साबणाच्या फेसानं कळतं. बारीक असेल तर डिटेक्टर फिरवावा लागतो, किंवा सिस्टिममध्ये डाय, म्हणजे चमकणारा रंग, घालून काही दिवसांनी निळ्या दिव्याखाली बघावं लागतं. रिकामी सिस्टिम दाबून बघायची तर नायट्रोजननं. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरनं दाब देणारे लोक आहेत. त्या हवेत पाण्याचा अंश असतो, ती एसीत जाऊ देऊ नका.

आता गेजचं. गॅरेजमध्ये गेल्यावर गॅसच्या सिलिंडरला हात लावण्याआधी निळ्या-लाल नळ्यांचं, दाब मोजायचं गेज लावायला सांगा आणि शेजारी उभं राहून आकडे लिहून घ्या. बाहेर ३५ अंशांच्या आसपास असताना, इंजिन चालू, एसी पूर्ण, अशा वेळी निळी म्हणजे लो साइड (कमी दाबाची बाजू) साधारण ३० ते ४५ पाउंड आणि लाल म्हणजे हाय साइड (जास्त दाबाची बाजू) २०० ते २५० पाउंडांच्या आसपास असते. गाडीगाडीत थोडा फरक पडतो. दोन्ही आकडे कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस प्रमाणाबाहेर आहे, सिस्टिममध्ये हवा शिरलीय, किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. लो साइड चढलेली आणि हाय साइड उतरलेली असेल तर कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही. लो साइड शून्याखाली गेली तर मध्ये कुठेतरी चोकअप. बघा, चारपैकी एकाच दुखण्यात गॅसचा संबंध ‘कमी’शी आहे. उरलेल्या तिन्हींत गॅस भरून पैसे तर जातातच, शिवाय दोष वाढू शकतो.

इंजिन बंद असताना घेतलेल्या आकड्यावर कुणी ‘गॅस फुल आहे’ म्हणालं तर ते धरू नका. ३५ अंशांना उभ्या गाडीत दोन्ही बाजू ११५ पाउंडांच्या जवळपास असतात, मग आत गॅस पुरेसा असो की अर्धा. जोवर आत थोडा तरी द्रव शिल्लक आहे तोवर तो दाब फक्त तापमान सांगतो. म्हणून गॅस वजनावर भरायचा. किती, ते बोनेटच्या आतल्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. लहान गाड्यांत बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम. बिलावर तो आकडा लिहून मागा. ‘गॅस टॉप-अप’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका.

लिकेज काढल्यावर व्हॅक्युम मारणं टाळू देऊ नका. अर्धा-पाऊण तास पंप चालला की आतली हवा तर निघतेच, ओलही निघते, कारण इतक्या कमी दाबावर पाणी साध्या तापमानालाच उकळून जातं. नंतर पंप बंद करून काटा जागेवर टिकतो का ते थोडा वेळ बघायचं. ओल आत राहिली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते आणि एसी मध्येच गार, मध्येच गरम होतो. तिच्यामुळे आत आम्लही तयार होतं. सिस्टिम बरेच दिवस उघडी असेल तर ड्रायर, म्हणजे ओल शोषणारी डबी, तीही बदलायची.

या तपासणीला पैसे लागतील, वेळ लागेल. तरी करा, कारण गॅसबरोबर तेलही जातं हे वर सांगितलंच. दरवर्षी नुसता गॅस भरत गेलं की तेल कमी कमी होत जातं आणि एक दिवस कॉम्प्रेसर जाम होतो. जाम होताना त्याचा धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो, मग काही रुपयांच्या ओ-रिंगचं काम कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि ड्रायरपर्यंत जातं. आणखी एक गोष्ट शिक्षिका म्हणून तुम्हाला आवर्जून सांगते. आर-१३४ए हा वातावरणात उष्णता अडवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. तुमच्या गाडीतला ४५० ग्रॅम गॅस हवेत गेला तर ते साधारण ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. दर उन्हाळ्यात.

प्रश्न : मी सांगली-पुणे टुरिस्ट गाडी चालवतो. हायवेला एसी एकदम कडक. गणपती पेठेत किंवा सिग्नलला दोन मिनिटं थांबलो की गरम हवा. पॅसेंजर बोलतात. गॅस भरून झाला, फरक नाही. (चालक, कुपवाड)

भाऊ, तुम्ही लक्षण इतकं नेमकं लिहिलंय की गाडी न बघताही अंदाज बांधता येतो. गाडी पळते तेव्हा कंडेन्सरला वारा फुकट मिळतो. थांबली की सगळी मदार पंख्यावर. तेव्हा पंखा तरी गेलाय किंवा वाऱ्याची वाट तरी बंद झालीय.

सावलीत गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा, एसी पूर्ण करा आणि बोनेट उघडा. मिनिटभरात पुढचा पंखा फिरायला हवा. दोन पंखे असतील तर दोन्ही फिरतात का ते गाडीच्या रचनेवर आहे, ते मिस्त्रींना विचारून घ्या. हात, गमछा, काहीही जवळ नेऊ नका. पंखा कधीही आपोआप सुरू होतो. फिरलाच नाही तर फ्यूज, रिले, प्लग आणि मग मोटर, या क्रमानं बघायचं. फिरतो पण सुस्त फिरतो, तर मोटरचे कार्बन झिजलेत. असा पंखा ‘चालू आहे’ म्हणून पुष्कळदा नजरेतून सुटतो.

पंखा ठीक असेल तर एक सोपी परीक्षा आहे. कुणाला तरी आत बसवा आणि समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू मगभर पाणी सोडा. आतला झोत लगेच गार झाला, तर गॅस नको, कंडेन्सर स्वच्छ करा.

इथे एक गोष्ट माझ्या वडिलांच्या दुकानातली. मिरजेत त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथेच असायचे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की येणाऱ्या गाड्यांचे रेडिएटर ते आधी उजेडासमोर धरायचे. पलीकडचा उजेड दिसला नाही तर पाचट, उसाची राख, किडे, माती यांचा थर. कंडेन्सरचंही तसंच होतं, पण त्यात एक फसवणूक आहे. समोरून तो स्वच्छ दिसतो आणि सगळा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसलेला असतो. तुमची गाडी रोज हंगामातल्या रस्त्यांवर असते, त्यामुळे मी पैज लावून सांगेन की तिथे काहीतरी सापडेल. रेडिएटर थोडा मागे सरकवून, आतून बाहेर, साध्या पाइपच्या पाण्यानं धुवायला सांगा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, त्यानं पत्र्याच्या नाजूक पाकळ्या आडव्या होतात आणि मग वारा कायमचा अडतो.

आणि तो भरलेला गॅस? कंडेन्सर तापलेला असताना भरला असेल तर बहुतेक जास्त झालाय. हाय साइड ३०० पाउंडांच्या पुढे चढत जाते आणि मर्यादा गाठली की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. कंडेन्सर धुतल्यावर गॅस काढून, वजन करून पुन्हा भरून घ्या.

प्रश्न : आटपाडीहून पुण्याला निघालो की पाऊण तास मस्त गार. मग झोत हळूहळू कमी होतो, शेवटी नुसता ब्लोअरचा आवाज. चहाला थांबून परत निघालो की पुन्हा गार. (शेतकरी, आटपाडी)

प्रश्न : ब्लोअर चारवर ठेवला तरी वारा एकचा. एसी गार आहे, पण मागच्या सीटवर काही पोचत नाही. माझा हळदीचा व्यापार आहे, गाडी दिवसभर मार्केट यार्डात असते. (व्यापारी, सांगली)

दोन्ही पत्रांत झोत कमी आहे, म्हणून एकत्र घेते. शेठ, तुमचं आधी. ग्लोव्ह बॉक्स उघडून त्यामागचा केबिन फिल्टर बाहेर काढा. बहुतेक गाड्यांत पाच मिनिटांचं काम आहे, पाना लागत नाही. यार्डातल्या एका गाडीचा फिल्टर मी काढला तेव्हा तो मूळ पांढरा होता यावर मालकांचा विश्वास बसेना, इतका हळदीनं पिवळा आणि घट्ट झाला होता. तसा असेल तर हवा मारून परत बसवू नका, नवीन टाका. जोराच्या हवेनं कागद फाटतो आणि पुढची धूळ थेट कॉइलवर जाते. हळद पोत्यातून ओतली जाते त्या जागेपासून गाडी लांब लावा, आणि यार्डात शिरताना हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबून ठेवा. तुमच्यासारख्यांनी दोन-तीन महिन्यांनी फिल्टर काढून बघावा. पुस्तिकेतले किलोमीटर साध्या रस्त्यांसाठी लिहिलेले असतात.

दादा, तुमच्या गाडीत कॉइलवर बर्फ धरतोय. हवेतली वाफ कॉइलवर थेंब होऊन गाडीखाली ठिबकते, ते योग्य आहे. पण कॉइल शून्याखाली गेली की ते थेंब तिथेच गोठतात, जाळी बंद होते, झोत अडतो. चहाला थांबल्यावर बर्फ वितळतो आणि एसी पुन्हा गार करतो. कॉइल शून्याच्या जवळ आली की कॉम्प्रेसर थांबवायचं काम तिच्यावर खोचलेल्या सेन्सरचं असतं. तो सैल झाला किंवा बिघडला की कॉम्प्रेसर थांबतच नाही. आधी फिल्टर बघा, मग सेन्सर, मग गेज. गॅस थोडा कमी असला तरी कॉइलच्या एका बाजूला बर्फ धरू शकतो. तोपर्यंत प्रवासात असं झालं तर थांबायची गरज नाही. एसीचं बटण बंद करून ब्लोअर पूर्ण चालू ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत बर्फ उतरतो.

प्रश्न : गेज लावलं, दोन्ही आकडे बरोबर. पंखा चालतो, फिल्टर नवा. तरी ड्रायव्हरच्या बाजूला कोमट आणि डाव्या बाजूला गार. आता काय? (कराड)

इंजिन चालू असताना फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याजवळ, एसीच्या दोन नळ्या दिसतात, एक जाड, एक बारीक. जाड नळी हाताला चांगली गार लागली आणि तिच्यावर घाम दिसला, तर बोनेटमधला एसी आपलं काम करतोय. बेल्ट आणि सायलेन्सरपासून हात लांब ठेवून बघा. मग दोष डॅशबोर्डच्या आत. हीटरची गरम हवा मिसळणारी एक झडप असते, ती पूर्ण बंद होत नसेल तर गार केलेल्या हवेत गरम हवा मिसळते. हाताच्या नॉबची गाडी असेल तर केबल सुटलीय का बघा. बटणांची असेल तर तापमान बदलताना डॅशबोर्डमागून ‘कट् कट्’ असा दात घसरल्याचा आवाज येतो का ते ऐका. आला तर झडपेची छोटी मोटर गेलीय. एका बाजूला गार, एका बाजूला कोमट हे काही गाड्यांत गॅस कमी असल्याचंही लक्षण असतं. पण तुमचे आकडे बरोबर आहेत, तर भरलेला गॅस वजनावर भरला होता का तेवढं एकदा विचारून घ्या.

प्रश्न : पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा चढ लागला की एसी आपोआप गरम होतो, वर आल्यावर ठीक. दुरुस्ती लागेल का? गाडीत आम्ही पाच जण आणि सामान असतं. (निवृत्त, सातारा)

काका, पाय पूर्ण दाबलेला असताना इंजिनाला सगळी ताकद चाकांकडे देता यावी म्हणून बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर थोडा वेळ आपोआप सुटतो. काही सेकंदांचं असेल तर चिंता नको. पूर्ण घाटभर गरम राहत असेल तर चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा बघा. इंजिन जास्त तापलं तरी गाडी एसी तोडते, आणि मग प्रश्न कूलंटचा आहे. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

प्रश्न : २०१९च्या पुरात बुडालेली गाडी मी दोन वर्षांपूर्वी स्वस्तात घेतली. एसी लावला की खरखर येते, वासही येतो. खर्च करावा का? (पलूस तालुका)

दादा, पुरातल्या गाड्यांचं काम मी खूप केलंय. त्या ऑगस्टनंतर कितीतरी दिवस आमच्याकडे दुसरं काम नव्हतं, आणि गाळ किती बारीक जागी शिरतो ते तेव्हा बघितलं. आधी खरखर ओळखा. एसी बंद असतानाही ती येत असेल आणि लावल्यावर बदलत असेल तर पुलीचं बेअरिंग गंजलंय; ते बदलता येतं, कॉम्प्रेसर टाकायची गरज नाही. एसी लावल्यावरच येत असेल तर कॉम्प्रेसरच्या आतलं दुखणं असू शकतं. त्या वेळी एसी चालवूच नका, कारण चुरा पुढे पसरला तर सगळंच बदलावं लागेल.

वासाचं कारण बहुतेक ब्लोअरच्या डब्यात आणि कॉइलच्या पाकळ्यांत सुकून बसलेला गाळ. वरून सेंटची बाटली लावून तो जात नाही. कॉइल बाहेर काढून धुवावी लागेल, आणि डॅशबोर्ड उघडलाच आहे तर पंख्याचे आणि सेन्सरचे प्लग तपासून घ्या. त्यांत हिरवा गंज असतो. खर्च करावा का, याचं उत्तर गाडीच्या बाकीच्या वायरिंगवर आहे. एअरबॅगचा दिवा लागलेला असेल, खिडक्या मधूनच बंद पडत असतील, तर एसीवर पैसे घालण्याआधी एखाद्या चांगल्या इलेक्ट्रिशियनला संपूर्ण गाडी दाखवा.

प्रश्न : इंटरनेटवर गॅसचा डबा आणि पाइप मिळतो, व्हिडिओ बघून घरीच भरता येतो असं दिसतं. करू का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, विश्रामबाग)

नको रे बाबा. तुझी शिकायची हौस मला आवडली, म्हणून कारण सांगते. डबा चुकून हाय साइडला लागला तर तिथला २००-२५० पाउंडांचा दाब उलटा डब्यात जातो आणि डबा फुटू शकतो. द्रव गॅस डोळ्यांत किंवा त्वचेवर उडाला तर जागेवर गोठवतो. आत किती गेला ते वजन केल्याशिवाय कळत नाही, आणि स्वस्त डब्यांत काही वेळा प्रोपेन-ब्युटेनसारखे जळणारे वायू मिसळलेले असतात. हात चालवायचेच असतील तर केबिन फिल्टर बदल, कंडेन्सर धू, फेसानं लिकेज शोध. खरंच हे काम शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड आहे. मी तिथूनच आले. मुलींनीही यावं, कामाला तोटा नाही.

थोडक्यात

*गाडीखाली पाणी ठिबकतं (कोरेगाव) :* चांगलं लक्षण आहे. ते पाणी डाव्या सीटच्या पायाशी आत यायला लागलं तर ड्रेन पाइप तुंबलाय, लगेच मोकळा करून घ्या.

*पहिल्यांदा लावल्यावर ओल्या मोज्यांसारखा वास (माधवनगर) :* ओल्या कॉइलवर बुरशी आहे. घरी पोचण्याआधी तीन-चार मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते. वास गोडसर असेल आणि काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल तर मात्र हीटरमधून कूलंट गळतंय. ते थांबवून ठेवण्यासारखं काम नाही.

*नवी इलेक्ट्रिक गाडी, एसीचं काम कुठेही चालेल का (वाई) :* नाही. त्यातला कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याचं तेल वेगळं असतं. नेहमीच्या गाडीचं तेल त्यात गेलं तर करंट बॉडीत उतरण्याचा धोका आहे. नारिंगी रंगाच्या केबलला प्रशिक्षण नसलेल्या माणसानं हात लावायचा नाही.

प्रश्न : बाळाला घेऊन मिरजेला डॉक्टरांकडे जावं लागतं. तासाभरानं बाहेर येतो तेव्हा गाडीची भट्टी झालेली असते. एसी आधी लावून बाळाला पाच मिनिटं आत ठेवलं आणि मी औषधं आणायला गेले तर चालेल का? (मिरज तालुका)

वहिनी, हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण यावर जास्त वेळ कुणी बोलत नाही. बाळाला गाडीत एकटं ठेवू नका, एसी चालू असतानाही नाही. वर वाचलंत ना, कॉम्प्रेसर किती कारणांनी आपोआप सुटतो. उभ्या गाडीत तर सगळ्यात जास्त. एसी सुटला की बंद काचांची गाडी उन्हात काही मिनिटांत तापते, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पटींनी लवकर तापतं. काच बोटभर खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. औषधांच्या दुकानात बाळाला कडेवर घेऊनच जा, किंवा सोबतच्या माणसाला आणायला सांगा.

गाडी लवकर गार करायची अशी. आल्यावर आधी समोरासमोरचे दोन दरवाजे उघडून आतली तापलेली हवा जाऊ द्या. काचा खाली ठेवूनच निघा, एसी आणि ब्लोअर पूर्ण लावा, बाहेरची हवा घेण्यावर ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत आतली हवा बाहेरच्याइतकी आली की काचा वर करा आणि हवा आतल्या आत फिरवा. मग आधीच गार झालेलीच हवा पुन्हा गार होत राहते. अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात मध्ये एकदा बाहेरची हवा घ्या, नाहीतर चालवणाऱ्याला झापड येते. झोत बाळाच्या तोंडावर सोडू नका, वरच्या बाजूला वळवा. आणि बाळाला सीटवर बसवण्याआधी पट्ट्याची धातूची बकल हात लावून बघा, उन्हात तीच सगळ्यात जास्त तापलेली असते.